धुरपदाबाईच्या कोपीतला सहावा दगड

वेळअमावस्येच्या दिवशी आमच्या गावात चोर आला तर तोही बिचारा घाबरून परत जाईल, इतकं गाव रिकामं असतं. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, आल्यागेल्या माहेरवाशिणी, सगळे शेतात, काळ्या आईच्या पूजेला. दारांना कुलपं, चुली थंड, कुत्रीसुद्धा गाड्यांच्या मागं गेलेली. जळकोटाहून अणदूरकडे जाताना सडक सोडून आत वळलं की हे गाव लागतं. मी मूळची तुळजापूरची, मास्तरांची मुलगी वनमाला. राघवेंद्र नावाच्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी लग्न झालं आणि मी इथं आले. तेव्हा मला शेतातलं फक्त एकच ठाऊक होतं, की तिथून धान्य येतं. बाकीचं सगळं धुरपदाबाईंनी शिकवलं, आणि शिकवताना रागावल्याही भरपूर.

धुरपदाबाई आमच्या शेजारच्या. उंच, काळ्यासावळ्या, आवाज असा की घराच्या ओट्यावरून हाक मारली तर ओढ्यापलीकडचा माणूस वळून बघायचा. नवरा रामकिसन तापानं गेला तेव्हा पदरात एकच मुलगी, विमल. भावकीनं सुचवलं की शेत अर्ध्या वाट्यानं, बटईनं द्या आणि घरात बसा. बाईंनी त्यांना चहा पाजला, बोलून घेऊ दिलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः औत धरलं. आमच्याकडे बायका औत धरत नाहीत. गावानं महिनाभर तोंडसुख घेतलं. मग पेरणी आली आणि जो तो आपापल्या कामाला लागला.

सोसायटी तेव्हा नवी होती. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली तरी सरकारी कागदावर अंगठा करायचा म्हटलं की कास्तकार मागं सरायचे. "सही केली की जमीन सरकारची," असं पारावर छातीठोकपणे सांगणारे होते. बियाण्यासाठी सावकाराकडे जायचं, पायली घ्यायची आणि सुगीत दीड पायली घालायची, हे मात्र कुणाला खुपत नव्हतं, कारण त्याची सवय होती. आमचे हे दारोदार फिरून सभासद गोळा करायचे. बायकांमध्ये पहिली सभासद झाली ती धुरपदाबाई. जामीन राहिला त्यांच्या बांधाला बांध असलेला गुंडाप्पा. तो म्हणाला, "ह्या बाईनं माझा बांध कधी वीतभर सरकवला न्हाय. मग आनखी काय बघायचं?"

सोसायटीचं एक बरं असतं आणि एक वाईट, आणि दोन्ही एकच असतं. सगळे एकमेकांना बांधलेले. एकानं कर्ज थकवलं किंवा भलत्याच कामाला लावलं, की बँक अख्ख्या गावाचं पीककर्ज अडवून धरते. म्हणून आमचे हे रात्री झोपेतसुद्धा हप्ते म्हणायचे. मी हसायची. पण त्यांच्या त्या धास्तीवरच गावाची पेरणी उभी होती, हे मला पुढं कळलं.

धुरपदाबाईंनी विहिरीसाठी कर्ज मागितलं आणि मंजूरही झालं. पहिल्या हप्त्यात विहीर मुरमापर्यंत गेली. खाली खडक लागला. तो फोडायला सुरुंग हवे होते, वडार हवे होते, त्यासाठी दुसरा हप्ता हातात पडला. आणि त्याच साली हस्त कोरडा गेला. रब्बी उगवून जळाली. मागच्या सालचा कडबा दिवाळीतच संपला होता, आणि उन्हाळा अजून यायचा होता.

त्या उन्हाळ्यात बैल मातीमोल विकले जात होते. ज्यांना बैलांचं तोंड बघवत नव्हतं ते पहाटे अंधारातच बाजाराच्या वाटेला लागायचे. पुढच्या मृगाला औताला जुंपायचं काय, हा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं. धुरपदाबाईंनी काय केलं, तर सुरुंगाचे पैसे कनवटीला लावले, गुंडाप्पाला बरोबर घेतलं, आणि भीमेकाठच्या गावांकडे गाड्या जुंपून गेल्या. येताना गाड्या कडब्यानं भरून आल्या. स्वतःच्या दोन बैलांना पुरून खूप उरेल एवढा कडबा! मग गुंडाप्पाचे बैल त्यांच्या दारात आले. मग आणखी कुणाचे. मृगाचा पाऊस पडेपर्यंत त्यांचं अंगण म्हणजे बाजाराचा दिवस. शेणाच्या वासानं मी नाक मुरडायची आणि बाई म्हणायच्या, "वनमालाबाई, ह्या वासावरच तुमची भाकर हाय."

ह्यांना कळलं तेव्हा कडब्याच्या पेंढ्या अर्ध्या संपल्या होत्या. ते जेवायचे थांबले. विहिरीचं कर्ज कडब्याला! बँकेला कळलं तर कर्ज एकरकमी परत मागणार, बाईंची जमीन जप्त होणार, आणि सोसायटीला काळा डाग लागून गावात कुणालाच पेरणीला पैसा मिळणार नाही. ह्यांची नोकरी तर जाणारच. पण धुरपदाबाईंना बोलायला म्हणून गेलेले हे, अंगणातले बैल बघून, तसेच परत आले. "काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं. "काही नाही. एका बैलाला पाणी पाजलं," म्हणाले. असा माझा नवरा. मला त्यांचा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता, दोन्ही एकाच वेळी.

पुढच्या साली पाऊस झाला. गावात औतं होती, म्हणून पेरणी झाली. पेरणी झाली, म्हणून शाळू उभा राहिला. विहीर मात्र मुरमातच अडकलेली. आणि मग ती वेळअमावस्या आली.

सकाळीच सगळ्या गाड्या गेल्या. हेही गेले. मी मागं राहिले होते, कारण माझ्या तिळाच्या पोळ्या व्हायच्या होत्या, आणि धुरपदाबाई दरवर्षी मला न्यायला स्वतः यायच्या. सोसायटीचं ऑफिस म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. तिच्या दाराशी बूट वाजले. बाहेर येऊन बघते तर टोपी, कोट, खांद्याला पिशवी आणि सडकेपासून चालत आल्यानं धुळीनं भरलेले पाय.

"मी बँकेचा तपासनीस. गोपाळकृष्ण माझं नाव. उस्मानाबादहून आलोय." बोलणं कऱ्हाडकडचं. मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तिकडचे बरेच साहेब इकडे आले होते, त्यांपैकी हे. "सेक्रेटरी कुठे आहेत?"

"शेतात."

"आणि चेअरमन?"

"शेतात."

"सभासद?"

"तेही शेतातच. बायकापोरांसकट."

"कशाला?"

"जेवायला," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मलाच ते खोटं वाटायला लागलं.

साहेबांनी रिकाम्या गल्लीकडे बघितलं. कुलपं बघितली. मग थंडपणे म्हणाले, "मी येणार हे कुणी कळवलं यांना?" त्यांची समजूत झाली होती की कर्जदार गाव सोडून पळाले! मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती. मी वेळअमावस्येचं सांगायला लागले, पण त्यांचा विश्वास बसेना. कऱ्हाडकडे अमावस्या म्हणजे अशुभ दिवस, त्या दिवशी शुभकार्य नाही की प्रवास नाही. आणि इथं म्हणे सण! "ठीक आहे," ते म्हणाले, "मी परत जातो. पुढच्या आठवड्यात येईन."

मला तर सुटल्यासारखं झालं. आठवडा तर आठवडा. तेवढ्यात काहीतरी सुचेल. मी तांब्याभर पाणी पुढं केलं, चहाचं नावसुद्धा काढलं नाही. सडकेवर एस्टी मिळायला संध्याकाळ होणार होती, माझी सोडून गावात एक चूल पेटलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. जाऊ दे बाई, म्हटलं, एकदाचे जाऊ दे.

आणि गल्लीच्या तोंडाशी धुरपदाबाई दिसल्या. नवं लुगडं, पदर खोचलेला, मला न्यायला आलेल्या.

"पावनं कोन?"

मी साहेबांच्या पाठीमागून डोळे मोठे केले. "बँकेचे साहेब आहेत," मी म्हणाले, "निघालेत."

बाई जागच्या थांबल्या. त्यांना सगळं कळलं. पदर सारखा केला, आणि विचारलं, "साहेब, जेवलाव का?"

साहेब गोंधळले. "नाही, पण मी..."

"मग चला."

मी बाईंना हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? तुमच्या शेतात नेलंत तर विहीर बघतील!"

"बघतील."

"जमीन जाईल हो!"

"जाईल तवा जाईल," बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. "म्या काय येडी न्हाय. रात रात झोप न्हाय मला त्या खड्ड्यापायी. पर आज येळामावशा हाय. आज गावातनं मानूस उपाशी गेला, तर उद्या कोणच्या तोंडानं त्या काळ्या आईला म्हणू, पीक दे म्हणून? ती इचारंल की, तुझ्या दारातनं कोन गेलं गं उपाशी?"

मी पोळ्यांचा डबा उचलला. आम्ही तिघं निघालो.

दोन्हीकडे शाळू छातीपर्यंत आलेला, मधून पाऊलवाट. साहेब कोट सावरत चालत होते. हळूहळू आवाज यायला लागले, या शेतातून हसणं, त्या शेतातून हाका. प्रत्येक शेतात कडब्याची कोप उभी, कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पाच पांडव म्हणून पुजलेले. एक म्हातारा ताटातली अंबील पिकावर शिंपडत, चांगल्या पिकासाठी पूर्वापार म्हणतात तसं "वलगे वलगे सालम पलगे" म्हणत शाळूतून फिरत होता. साहेब थांबून बघत राहिले. कर्जदार पळालेले नव्हते, हे त्यांना आता दिसलं असावं.

धुरपदाबाईंच्या कोपीपुढं आमचे हे भज्जीचा घास तोंडाशी नेत होते. बाईंच्या मागून साहेब येताना दिसले आणि घास पुन्हा ताटात पडला. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

बाईंनी साहेबांचे पाय धुवायला पाणी दिलं. घोंगडी टाकली. तुरीचे सोले, ओला हरभरा, वाल, चिंच आणि बेसन घालून शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर, मडक्यातली गार अंबील. पहिलं वाढलेलं साहेबांनी संकोचानं खाल्लं. दुसऱ्यांदा वाढताना नको म्हणाले नाहीत. तिसऱ्यांदा कोट काढून ठेवला. बांधापलीकडून गुंडाप्पानं हाक दिली, "साहेब, आमच्याकडं बी या!" आमची रीतच ती, एका कोपीत जेवून भागत नाही. साहेब तिकडेही गेले. गुंडाप्पानं वाढता वाढता आपले बैल दाखवले आणि मोठ्या कौतुकानं म्हणाला, "ही बैलं धुरपदाबाईच्या कडब्यावर जगली बघा. न्हाय तर मागल्या सालीच बाजार दावला असता." ह्यांना ठसका लागला. गुंडाप्पाला काय, मनात आलं ते बोलला. एवढा भला माणूस, पण कुठं गप्प बसावं ते त्याला आयुष्यात कळलं नाही.

साहेबांनी हात धुतला. मग सावकाश धुरपदाबाईंना म्हणाले, "धुरपदाबाई रामकिसन. विहिरीचं कर्ज तुमच्याच नावावर आहे ना?"

"व्हय."

"बघू या विहीर."

शेताच्या कडेला तो खड्डा होता. काठावर गवत उगवलेलं, तळाशी कोरडा मुरूम. साहेबांनी पिशवीतून टेप काढला. बाई म्हणाल्या, "कशाला सोडता टेप? म्या सांगते. हितवर खांदली. फुडचं पैसं सुरुंगाचं व्हतं, त्याचा म्या कडबा घेतला. बैलं मरत व्हती. मला ठावं हाय, हे चुकलं. पर पुन्ना तसंच साल आलं, तर पुन्ना तसंच करीन. काय लिवायचं ते माझ्या नावानं लिवा, गावाच्या नावानं लिवू नगा."

हे पुढं झाले. "साहेब, मला ठाऊक होतं. मी कळवलं नाही." एवढं बोलून हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. म्हटलं, आता काय व्हायचं ते होऊ दे, पण माझा माणूस नीट उभा राहिला.

साहेबांनी वाकून तळातला मुरूम बघितला. "किती बैल होते?"

"मोजली न्हाईत. आली तेवढी बांधली."

साहेबांनी वळून शिवाराकडे बघितलं. या बांधापासून त्या बांधापर्यंत शाळू वाऱ्यावर हलत होता. मग त्यांनी टेप गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

"आमच्याकडे अमावस्येला कुठल्याही कामाला हात लावत नाहीत," ते म्हणाले. "माझी आई ऐकेल तर रागावेल. तेव्हा मी आज तपासणीला आलेलो नाही. तुम्ही जेवायला बोलावलंत, मी जेवलो. होळी झाल्यावर येईन. तेव्हा टेप सोडणार, आणि टेप जे सांगेल तेच लिहिणार. एक वीतही जास्त लिहिणार नाही."

बाईंनी हात जोडले. साहेबांनी त्याआधीच जोडले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला पहारीचा आवाज आला. गुंडाप्पा खड्ड्यात उतरला होता. दुपारपर्यंत ज्यांचे बैल त्या अंगणात जगले होते त्यांच्या घरचं एकेक माणूस आलं. कुणी बोलावलं नव्हतं. नळदुर्गहून वडार आणले, त्यांची मजुरी सुगी झाल्यावर धान्यानं द्यायची ठरली, आणि प्रत्येकानं आपापला वाटा उचलला. सुरुंग उडायचे तेव्हा आमच्या घरातली भांडी वाजायची. काढणीचे दिवस, अंगात त्राण नाही, तरी शाळूच्या पेंढ्या बांधून माणसं संध्याकाळी घमेली उचलायला यायची. आमचे हेही गेले. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड आले, आणि मग आठवडाभर मला भात कालवून द्यावा लागला. पण तक्रार नाही. जन्मात पहिल्यांदा सोसायटीचं काम केल्यासारखं वाटतंय, म्हणाले.

होळीच्या आधीच खडकाच्या एका फटीतून ओल आली, मग झिरपा. धुरपदाबाई खाली उतरल्या, फटीला हात लावला आणि तिथंच बसून रडल्या. त्यांना रडताना मी एवढंच एकदा बघितलं.

होळी झाली आणि साहेब आले, बोलल्याप्रमाणे. टेप सोडला. टेपानं सांगितलं ते लिहिलं. मग म्हणाले, "आता अंबील मिळेल का?" बाई हसल्या. "ह्या दिसांत कुठली अंबील, साहेब? पानी हाय." विहिरीचं गढूळ पाणी निवळून तांब्यात ठेवलं होतं, ते दिलं. साहेबांनी तांब्या पूर्ण रिकामा केला. गावाचं पीककर्ज त्या साली वेळेवर आलं. साहेबांची पुढं बदली झाली, आणि ते पुन्हा काही या बाजूला आले नाहीत.

पुढच्या वेळअमावस्येला मी धुरपदाबाईंच्या कोपीत गेले तर चुन्यानं रंगवलेले सहा दगड. मी भटाघरची. म्हटलं, "बाई, पांडव पाच! हा सहावा कोण घुसवलात?"

"कर्ण न्हाय का?" बाई म्हणाल्या.

"कर्ण तर कौरवांकडचा."

"तिकडलाच व्हता की," त्यांनी अंबील ढवळत उत्तर दिलं. "पर व्हता आपलाच. आन काय दिल्याबिगर कुनाला माघारी धाडायचा न्हाय."

मला एकदम साहेबांचा गुंडाळलेला टेप आठवला. चुना घेऊन सहाव्या दगडाला आणखी एक बोट लावलं.

धुरपदाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेत विमल आणि जावई बघतात, विहिरीवर इंजिन आहे, शाळूला पाणी मिळतं. विमलच्या कोपीत सहा दगड असतात. तिचं बघून गुंडाप्पाच्या घरच्यांनी सहा मांडले, आणि मग बांधाबांधावरून ते अर्ध्या शिवारात गेलं. परवा कुणीतरी पाहुण्यानं विचारलं, सहावा कशाला? तर एक पोरगी ठसक्यात म्हणाली, "आमच्यात पहिल्यापासून सहाच असत्यात." मी तिला आणखी एक उंडा वाढला.

पण एक माझं मी पाळते. वेळअमावस्येला घास तोंडात घालण्याआधी मी काठी टेकत सडकेकडे तोंड करून बांधावर उभी राहते. कुणी अनोळखी माणूस चालत जाताना दिसला, तर ओढ्यापलीकडून ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "जेवलाव का?"